कानाची पाळी तेवढी शाबूत

साल पासष्ट. मेहकरच्या बाजारात भाजीचा हर्रास मी पुकारायचो. जानेफळहून आमची वांगी-मिरची घेऊन यायचो आणि दुसऱ्यांचाही माल माझ्याच गळ्यावर विकायचो. निवृत्ती ओरडला की पलीकडच्या गल्लीतली म्हैस दूध चोरते, असं लोक म्हणत. मी ते कौतुकच समजायचो.

एका सकाळी डावा कान लालबुंद होऊन भज्यासारखा फुगला. बाजारात रंगराव अडत्यानं विचारलं, "काऊन बे, वहिनीनं पिळला काय?"

"गांधीलमाशी चावली," मी ठोकून दिलं.

आठ दिवसांत कान उतरला. महिन्याभरानं उजवा फुगला. गांधीलमाशी बाजू बदलून चावते, हे रंगरावाला काही पटलं नाही.

पुढं गुडघे धरले, मग डोळे लाल झाले. मी पडलो हुशार माणूस. कान गावच्या वैद्याला दाखवला, गुडघे हाड बसवणाऱ्याला आणि डोळे मेहकरच्या डॉक्टरला. एकाचं दुसऱ्याला सांगितलं नाही. डोळ्याच्या डॉक्टरसमोर गुडघ्याचं रडगाणं गाणं म्हणजे अडाणीपणा, असं माझं मत. दुखणं काही दिवसांनी आपोआपच ओसरायचं आणि मी तिघांचेही गुण गायचो.

वर्षभरात आवाज बसला. नाकाचा दांडाही मधोमध दबला. आमच्या घरात बाकी काही नसलं तरी नाक सरळ होतं, तेही गेलं. तेव्हा बायकोनं, रुखमाबाईनं, मला एसटीत घातलं आणि बुलढाण्याच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टर तरुण होता. "काय त्रास?" त्यानं विचारलं.

"आवाज बसला," मी म्हटलं.

रुखमाबाई पुढं सरकली. "हे अर्धंच सांगून राह्यले, डॉक्टरसाहेब. आधी डावा कान सुजला, मंग उजवा. मंग गुडघे, मंग डोळे, आता नाक. आन् कान येवढा सुजते, पन खालची पाळी कधीच नाई सुजत. दर खेपेला तेल मीच लावतो नं, मले मालूम हाये."

डॉक्टरनं हातातला पेन खाली ठेवला. माझ्या कानाची पाळी दाबली. काही नाही. जरा वर दाबलं, तर होता नव्हता तेवढा आवाज काढून मी किंचाळलो.

"पाळीत हाड नसतं," तो म्हणाला. "वरच्या कानात कुरकुरीत मऊ हाड असतं. तसंच नाकात, श्वासनळीत, सांध्यांत. तुमचं शरीर स्वतःच्याच मऊ हाडावर उठलंय. डोळेही त्यातच सापडलेत. हे वेगवेगळे आजार नाहीत, एकच आहे."

मला दवाखान्यातच ठेवून घेतलं आणि कानाचा मुगाएवढा तुकडा काढून नागपूरला तपासायला पाठवला. उत्तर तेच आलं. लाखात एखाद्याला होणारा आजार, असं कळल्यावर मी शेजारच्या खाटेवरच्या हर्नियावाल्याकडे जरा तुच्छतेनंच पाहिलं.

गोळ्या सुरू झाल्या. चार दिवसांत डोळे निवळले, गुडघे वाकू लागले. भूक मात्र राक्षसासारखी लागे, आणि तोंड परातीएवढं झालं. पिंपळगाव राजाला मेहुण्याच्या, वामनरावाच्या, मुलीचं लग्न होतं. त्यानं मला ओळखलंच नाही. वरपक्षाचा कोणी बडा पाहुणा समजून लोडाशी बसवलं. मीही दोन पंगती जेवून घेतल्या, मग रुखमाबाईनं मला उठवलं.

बरं वाटलं तशी मी गोळी बंद केली. डॉक्टरनं बजावून सांगितलं होतं, की एकदम सोडायची नाही. पण बऱ्या माणसानं औषध कशाला खायचं? बाराव्या दिवशी श्वास शिट्टीसारखा वाजायला लागला. पाच पावलं चाललो की छाती भरून यायची. बुलढाण्याच्या गाडीत रुखमाबाई पदरानं वारा घालत होती आणि रडत होती. तिला रडताना मी कधी पाहिलं नव्हतं. तेव्हा मात्र मी खरा घाबरलो.

डॉक्टरनं इंजेक्शन दिलं, रात्रभर उशाशी राहिला. सकाळी एवढंच विचारलं, "गोळ्या कोणी बंद केल्या?"

मी रुखमाबाईकडे पाहिलं. तिनं माझ्याकडे.

"मीच," मी म्हटलं.

आता रोज सकाळी एक लहानशी गोळी घेतो. नाक बसलं ते बसलंच, आवाज खाटेच्या पलीकडे जात नाही. बाजारात मी तराजू धरतो, हर्रास रुखमाबाई पुकारते. रंगराव म्हणतो, "बाई उभी राहिल्यापासून माल दुपारच्या आत संपते."