ब्लांचच्या तळघरातला दुसरा पंप

ब्लांच नेमेसेक दिसायला अगदी गरीब गाय. रविवारी चर्चमध्ये पहिल्या रांगेत, आळीत कुणी गेलं की सूपाचं भांडं घेऊन सगळ्यांच्या आधी दारात, आणि बोलणं असं हळू की समोरच्याने पुढे वाकून ऐकावं. आमच्या बर्विन गावातल्या बायका म्हणत, काय सोशिक बाई आहे. सोशिक होतीच ती. फक्त सोसलेलं काही विसरत नसे.

तिने सर्वांत जास्त सोसली होती थोरली बहीण, मिली. मिलीचं लग्न झालं नाही. बापाने जाताना घर ब्लांचच्या नावावर केलं आणि बजावलं, मिली इथेच राहील. मिली तळघरात राहिली. आता आमच्या बर्विनमध्ये तळघर म्हणजे काही अडगळीची खोली नव्हे. वरच्या मजल्यावर चांगला सोफा प्लॅस्टिकखाली झाकून ठेवायचा, चांगली शेगडी कोरी ठेवायची आणि जगायचं खाली. खाली दुसरं स्वयंपाकघर, खालीच जेवणाचं टेबल, खालीच गप्पा. म्हणजे घर ब्लांचचं आणि संसार मिलीचा. पाहुणे मागच्या दाराने थेट खाली उतरत. ब्लांचचा नवरा रुडी मेव्हणीला उठता-बसता टोचून बोलायचा आणि संध्याकाळी तिच्याच हातचं बदक आणि उकडलेले पिठाचे गोळे बोटं चाटत खायचा. ब्लांच वर प्लॅस्टिकवरची धूळ पुसत असे.

एका उन्हाळ्यात वादळात वीज गेली आणि तळघरात पाणी भरलं. तळघराच्या कोपऱ्यात एक खड्डा असतो. जमिनीतलं पाणी त्यात उतरतं आणि पंप ते बाहेर फेकतो. पण पंपाला वीज लागते, आणि पाऊस धो धो कोसळतो नेमका वीज गेल्यावर. पोटरीभर पाण्यातून भिजके गालिचे ओढून काढताना रुडीचं टाळकं सटकलं.

"मेव्हणीबाई, नीट ऐकून ठेव. पुन्हा एकदा पाणी आलं ना, तर तळघराला कुलूप आणि तुझी रवानगी वृद्धाश्रमात. तुझे गालिचे वाहायला नाही जन्माला आलो मी."

मिली भांडणाऱ्यातली नव्हती. ती एवढंच म्हणाली की मग बॅटरीवर चालणारा दुसरा पंप बसवू, मी शोधते. त्या दिवसापासून ती अशी हात धुऊन मागे लागली, की मुलीसाठी स्थळ शोधणारा बापही इतकी चौकशी करत नसेल. रुडीचा सल्ला होता, गाडीची जुनी बॅटरी जोड आणि मोकळी हो. दुकानातल्या माणसाने सांगितलं, गाडीची बॅटरी इंजिन सुरू करायला एकच जोरदार लाथ मारण्यापुरती असते. इथे तासन् तास संथ रेटत राहणारी, जाड पट्ट्यांची बॅटरी हवी. नळाच्या पाण्याच्या दाबावर चालणाराही एक पंप होता, त्याला बॅटरीच नको. पण घाण पाणी उपसायला चांगलं पाणी गटारात सोडायचं, हे मिलीच्या जिवाला पटेना. शेवटी तिने मोठी बॅटरी, दमदार पंप आणि वीज तुटली की पीं-पीं करणारा गजर, असं सगळं घेतलं.

"गजर कशाला? तुला तर तोफ उडाली तरी कळायचं नाही," रुडी म्हणाला. खोटं नव्हतं ते. सेल वाया जातात म्हणून मिली कानातली यंत्रं चर्चपुरतीच लावायची.

या सगळ्यात उन्हाळा सरला आणि मग पंप बसला. बॅटरी जमिनीपासून उंच फळीवर ठेवली. चार्जरची पिन मिलीने खड्ड्याजवळच्या सॉकेटमध्ये खोचली, आणि तिथेच माशी शिंकली. ते सॉकेट रुडीने कधीकाळी तळघराच्या दिव्याच्या बटणावर जोडलं होतं, दिवा मालवला की इस्त्री आणि रेडिओही बंद व्हावेत म्हणून. केल्याचं तो स्वतःही विसरला होता. आणि या घरात दिवसा दिवा जाळणं म्हणजे पाप. त्यापायी लहानपणी दोघी बहिणींनी बापाच्या चापट्या खाल्लेल्या. मिली दिवसभर खिडकीच्या उजेडात कोबी चिरायची. संध्याकाळी जेवणापुरता दिवा लागे, तेवढीच वीज बॅटरीच्या पोटात जाई. बॅटरी तपासायची म्हटलं की मिली आधी दिवा लावायची, म्हणजे चार्जरवरचा हिरवा ठिपकाही लागलेलाच दिसायचा. ती छातीवर क्रूस काढायची आणि समाधानाने दिवा मालवायची.

पानगळ सुरू झाली तेव्हा ब्लांचला वर बारीक पीं-पीं ऐकू आली. मिली बाजारात गेली होती. ब्लांच खाली उतरली. दिसावं म्हणून तिने दिवा लावला, तर आवाज बंद. मालवला, तर पुन्हा सुरू. पुन्हा लावला, पुन्हा मालवला. ती मूर्ख नव्हती, सगळं तिच्या लक्षात आलं. दिवा मालवलेलाच ठेवून ती वर गेली आणि तिने दार लावून घेतलं.

त्याच संध्याकाळी जेवताना मिलीने विचारलं, "ब्लांच, तो गजर कधी वाजतो का गं? मला मेलीला काही ऐकू येत नाही."

"नाही गं. वाजला तर सांगेन की."

रुडी भुंकणारा होता, पण भुंकणारं कुत्रं चावत नाही. चावली ती ही गरीब गाय.

हिवाळाभर ब्लांच वर रेडिओ मोठ्याने लावून बसली. तोंड उघडायला तिला रोज संधी होती आणि रोज ती गप्प राहिली. वसंतात पीं-पीं बारीक होत होत थांबली. बॅटरी मेली होती. हिरवा ठिपका मात्र दिव्याबरोबर इमानाने लागायचा, कारण सॉकेटमध्ये वीज आहे, यापलीकडे तो काहीच सांगत नव्हता.

जूनमध्ये दुपारीच आभाळ फाटलं. मिली चर्चच्या हॉलमध्ये जत्रेसाठी खसखशीच्या पेस्ट्र्या करायला गेली होती. वीज गेली. ब्लांच पाण्याला लागेपर्यंत जिना उतरली. मिलीच्या सपाता टेबलाखालून तरंगत बाहेर येत होत्या. जिन्यालगतच्या खालच्या फळीवर मिलीचे सगळे फोटो होते, आईचे, बापाचे, दोघी बहिणींचे. हात लांबवला असता तर अजून कोरडे हाती आले असते. ब्लांच वर आली आणि प्लॅस्टिकसकट सोफ्यावर बसली. इतक्या वर्षांत त्यावर बसायची तिची ही पहिलीच वेळ होती.

मिली परतली आणि तिने पायरीवरूनच पाणी बघितलं. "बॅटरी मीच निवडली," एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. तिचा चेहरा बघून रुडीसुद्धा वरमला. रागात बोलून गेलो असेन, म्हणाला. यंदा राहू दे तिला, पुढच्या वर्षी बघू.

"शब्द म्हणजे शब्द, रुडी," ब्लांच म्हणाली. तेसुद्धा इतक्या हळू, की त्याला पुढे वाकून ऐकावं लागलं.

आश्रमात मिलीला खोलीतली अर्धी जागा मिळाली, आणि शेजारच्या पलंगावर एक सतत कण्हणारी बाई. तिथे तिला चुलीजवळ फिरकू देत नसत. काही आठवड्यांतच ती वाळून काटकी झाली. ब्लांच रविवारी चर्चनंतर तिला भेटायला गेली, तेव्हा मिलीने तिच्यासाठी म्हणून कानात यंत्रं लावली आणि तिचे दोन्ही हात धरले.

"मी रात्रभर विचार करत असते. मीच कुठेतरी चुकले. कसली बॅटरी घेतली, कशी सांभाळली, देव जाणे. आईबापाच्या घराची नासाडी केली मी, आणि तू एका शब्दाने बोलली नाहीस. मला माफ करशील का गं?"

ब्लांचने तिच्या केसांवरून हात फिरवला.

"केलं हो," ती म्हणाली. "कधीच केलं."