मुन्नीचा रवंथ थांबला की...

आधीच सांगतो, या सदरातले अनुभव मी आजवर हसण्यासाठीच वाचत आलो. आमची ही म्हणते, "तुमच्यासमोर भूत उभं राहिलं तर तुम्ही त्याचं रेशनकार्ड मागाल." मागेन की! तर असा मी आज इथे लिहायला बसलोय — आणि तेही एका शेळीबद्दल. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, मग पुढे वाचा.

गाव गोरेगाव, तालुका सेनगाव, जिल्हा हिंगोली. साल दोन हजार तीन-चारच्या आसपास. बाजाराच्या रस्त्यावर एका व्यापाऱ्याचं पत्र्याचं शेड होतं. आसपासची हळद तिथे मोजून घ्यायची आणि पोती ट्रकनं हिंगोलीला जायची. काट्यावर माझा थोरला भाऊ, दादा. मी पुण्यात नोकरीला. काम डिव्हाइस ड्रायव्हर लिहिण्याचं — म्हणजे कॉम्प्युटर आणि त्याला जोडलेलं यंत्र यांच्यामधला दुभाषी. कर्नलच्या, म्हणजे कॉम्प्युटरच्या अगदी गाभ्यात बसणारा.

शेठनं इलेक्ट्रॉनिक काटा घेतला तेव्हा दादा म्हणाला, "माझा भाऊ पुण्यात हेच करून राहिला. तो जोडून देईल." मी जोडून दिला. ड्रायव्हर मीच लिहिला. वजन थेट पडद्यावर, खाली पावती. आणि हौस बघा... साध्या मशीननं भागलं असतं, पण मी पुण्याहून जुना सर्व्हर नेला, दोन प्रोसेसरवाला. हळद मोजायला दोन मेंदू! एकाच मेंदूचं मशीन नेलं असतं तर यातलं काहीच घडलं नसतं.

ऐन हंगामात मशीन गोठायला लागलं. गोठायचं म्हणजे पडद्यावर मागच्या पोत्याचं वजन तसंच राहायचं. काट्यावर पोतं दुसरं, आकडा पहिल्याचा. एकदा बापूराव नावाचे म्हातारे शेतकरी सगळ्यांसमोर म्हणाले, "माज्या पोत्याला मागच्याचं वजन काहून?"

"मशीन बंद पडलं, बापू," दादा म्हणाला.

"बराबर आमचंच पोतं आलं की पडतंय व्हय?"

रांगेत कुणीतरी हसलं. काटा मारतो, हा आळ आमच्याकडे चोरीहून वाईट. दादानं रात्री फोन केला, तेव्हा रागावला नाही. एवढंच म्हणाला, "लोक माझ्या तोंडाकडं पाहून राहिले, आकड्याकडं न्हाई." मी दुसऱ्या दिवशी रजा टाकली.

दुखणं काय असावं, याचा अंदाज होता. समजून सांगतो. आमच्या गल्लीत आड होता. दोर आमचा, पोहरा शेजारच्या काकूंचा. आई दोर धरून पोहऱ्याची वाट बघायची, काकू पोहरा धरून दोराची. दोघीही "आधी तुमी द्या"वर ठाम, आणि पाणी कुणालाच नाही. कर्नलमध्ये अशा वस्तूंना कुलपं असतात. माझ्या दोन मेंदूंपैकी एक वजनाचं कुलूप धरून पावतीच्या कुलपासाठी थांबलेला, दुसरा उलट. दोघंही तिथेच खांबासारखे. मग कीबोर्डही मेलेला, विचारायचं कुणाला?

पण कोडमध्ये कुलपाच्या जागा ढीगभर. नेमकी कुठे अडली? प्रत्येक कुलूप कुणी धरलं, ते पडद्यावर लिहायला लावलं की मशीन इतकं रखडायचं की वजनंच होईनात. रखडलं की सहसा गोठायचंही नाही. गोठण्याच्या जरासंच आधी लिहायला लावता आलं तर काम झालं असतं. पण आधी कळणार कसं? जाणकार विचारतील, अमुक सोय का नाही वापरली. वापरली. त्या म्हाताऱ्या सर्व्हरवर ती चालेना.

शेडच्या दारात आमिनाखालाची चहाची टपरी होती. तिची शेळी, मुन्नी, बाजूच्या लिंबाखाली बांधलेली. मी मशीन गोठायची वाट बघत चहावर चहा ढोसत होतो आणि दुसरं बघायला काही नसल्यामुळे मुन्नीकडे बघत होतो. ती बसून रवंथ करायची. अधूनमधून उठायची, रवंथ थांबवायची, शेडकडे तोंड करून उभी राहायची. आणि थोड्या वेळानं आतून दादाचा आवाज यायचा, "इंजिनेर, गेलं पुन्हा!"

पहिल्यांदा योगायोग. दुसऱ्यांदाही योगायोगच म्हटलं. मग मात्र मी चहा खाली ठेवला.

"खाला, तुमच्या शेळीला काही कळतं का हो?"

"मुन्नी कू?" खाला हसून हसून खोकायला लागली. "अरे बेटा, उसकू अपना बच्चा पैचानने नई आता. बाजूवाली के पिल्ले कू दूध पिला के आती."

मी सगळं तपासलं. वीज गेली की जनरेटर लागायचा — त्याचा आवाज? मशीन जनरेटरवरही गोठायचं, विजेवरही, आणि मुन्नी दोन्ही वेळा उठायची. काट्याचा हादरा म्हणावा तर तिला पार रस्त्यापलीकडे बांधलं. तिथूनही उठली, वळून शेडकडेच बघत राहिली. चाऱ्यासाठी उठायची ती वेगळी, तेव्हा तोंड चालू असायचं. दादा सगळं बघत होता. म्हणाला, "पुण्यात बी असंच करता का तुमी? ऑफिसात शेळ्या बांधून?"

शेवटी लाज सोडली. मशीन चालू, कुलपांचं लिहिणं बंद, आणि मी दारात. मुन्नी उठली. जबडा थांबला. मी आत धावलो, लिहिणं चालू केलं. पडद्यावर ओळी पळायला लागल्या आणि काही वेळानं मध्येच थांबल्या. शेवटच्या दोन ओळींत माझे दोन्ही मेंदू — एकाच्या हातात दोर, दुसऱ्याच्या पोहरा.

दुरुस्ती अगदी साधी. कुणीही असो, आधी वजनाचं कुलूप, मगच पावतीचं. हंगाम नीट पार पडला. बापूराव पावती घेताना आकडा वाचायला लागले, दादाचं तोंड नाही. मुन्नी दिवसभर बसून असायची.

आता खरी गोष्ट. पुढच्या हंगामात दादाचा ऑफिसात फोन.

"मुन्नी उठली."

"म्हणजे?"

"म्हणजे उठली. रवंथ बंद. शेडाकडं तोंड करून उभी हाय. काट्यावर पोतं चढवून राहिले, मागं रांग हाय. काय करू?"

सगळ्यांना सांगून बसलो होतो की तो बिघाड कायमचा गेला. समोर माझा साहेब बसलेला. मी आवाज खाली आणून म्हणालो, "थांबव."

दादानं पोतं उतरवलं, मशीन रीतसर बंद करून पुन्हा चालू केलं. खाला म्हणे, शेळी परत बसली.

त्या आठवड्यात मी ड्रायव्हर पुन्हा ओळ न ओळ वाचला. कागदाचा रोल संपला तर काय करायचं, त्या कोपऱ्यात एक वाट होती — तिथून कोड बाहेर पडायचा, पण वजनाचं कुलूप न सोडताच. म्हणजे पुढचं पोतं अडलंच. दादाला विचारलं, तेव्हा रोल कुठवर आला होता? म्हणाला, "संपतच आला होता."

बिघाड होता, हे खरं. पण होणारा बिघाड मशीनमध्येसुद्धा अजून झालेला नसतो... मग शेळीला कळतं ते काय? त्या दिवशी ते मशीन खरंच गोठणार होतं का, हेही आता कळायचं नाही, कारण आम्ही ते थांबवलं. "चालू ठेव" म्हणालो असतो तर निदान तेवढं तरी कळलं असतं. माझा जीव अजून त्यासाठी तळमळतो.

पण रांगेसमोर दादा बसला होता, मी नव्हे.