अटलांटिकवरचे हादरे आणि ओसरीवरचे सल्ले

मुंबईहून टोरांटोला जाणारं आमचं विमान बाराव्या तासाला अटलांटिकवर नऊ मिनिटं हादरत होतं. त्यातल्या तिसऱ्या मिनिटाला माझ्या शेजारी बसलेल्या शांतामावशीनं कमरेचा पट्टा सोडला.

मावशी रनाळे गावची. चार महिन्यांपूर्वी तिच्या उजव्या खुब्याचा सांधा बदलला होता. टोरांटोला लेकीचं बाळंतपण करायचं होतं. डॉक्टरांनी जायची परवानगी दिली, पण एक अट घातली: पडायचं नाही. मी सोबतीला होतो तो त्यासाठीच.

निघण्याच्या आदल्या दिवशी ओसरीवर सल्लागार जमले. त्यांतले एक सुरतहून गोव्याला विमानानं गेले होते. ते महासागरांबद्दल बोलत होते. दुसऱ्यांनी हादऱ्यांवर ओवा सुचवला. शेवटचा शब्द गोरखतात्यांचा. ते धडगावच्या घाटात जीप चालवतात. विमानात बसलेले नाहीत.

"हादरा बसना का हातपाय मोकळा ठेवजो," ते मावशीला म्हणाले. "बांधेल माणूस उडी कशी मारी?" (बांधलेला माणूस उडी कशी मारणार?)

सतरा माणसं कोंबलेली जीप दरीकडे कलंडते, तेव्हा हा नियम उपयोगी असेल. ओसरीनं तो विमानालाही लावला. दहा हजार मीटरवरून उडी मारून कुठे जायचं, हे कोणी विचारलं नाही.

मी सांगितलं: डोंगर ओलांडताना आणि वेगवान वाऱ्याच्या पट्ट्यात हादरे बसतात, शेपटीकडे जास्त, पंखांजवळ कमी. विमान मोडत नाही. जखमी होतो तो पट्टा न बांधलेला. मावशीनं मान हलवली. ती मान तात्यांच्या सल्ल्याला होती, माझ्या नव्हे, हे अटलांटिकवर कळलं.

सुरक्षेची चित्रफीत लागली तेव्हा समोरचे गृहस्थ लोणच्याचं पाकीट फोडत होते. इराणच्या डोंगरांवर पेल्यातलं पाणी डुचमळलं. मावशीनं कळण्याची भाकरी (ज्वारी आणि उडदाची) काढली.

"रस्ता खराब शे," ती म्हणाली.

बाराव्या तासाला 'हवा किंचित अस्थिर' असल्याची घोषणा झाली. पाठोपाठ विमान खाली गेलं. दोघांनी मोठ्यानं नवस बोलले. मागच्या तरुणानं चित्रण करता यावं म्हणून पट्टा सोडून फोन वर धरला. मावशीही पट्टा सोडून अर्धी उठली.

"मावशी, काय करी ऱ्हायनी? बस खाले."

"सोड भाऊ. बांधीसन मरू का?"

"पडनी ते लेकरूले आंघोळ कोण घाली?"

ती बसली. मी पट्टा अडकवला. पुढच्याच हादऱ्यात चहाचे पेले छताला लागले आणि मागच्या तरुणाचं कपाळ वरच्या कप्प्यावर आपटलं. फोन शाबूत राहिला.

हादरे थांबल्यावर मावशी म्हणाली, "तात्याले इमान काय माहीत? तूबी नीट सांगं नही."

उतरल्यावर प्रवाशांनी टाळ्या वाजवल्या. कपाळाला पट्टी लावलेल्या तरुणानंही वाजवल्या.

आठव्या दिवशी नात झाली. तिला मावशीनं आंघोळ घातली. जमिनीवर पाय पसरून नव्हे, खुर्चीत बसून. तीन महिन्यांनी आम्ही परतलो. रनाळ्याला घराच्या चार पायऱ्या मावशी कोणाचा हात न धरता चढली.