पासपोर्टवर मनीषा, दाखल्यावर सायली

"मॅडम, जरा इकडे या ना. या आई-मुलांची काहीतरी गडबड वाटतेय."

काउंटरवरच्या रियाचा हा सूर मला ओळखीचा आहे. दुपारच्या विमानाचं चेक-इन बंद व्हायला आलं होतं. समोर तिशीची एक बाई, ट्रॉलीच्या बॅगांवर बसलेला चार वर्षांचा मुलगा आणि कडेवर झोपलेली धाकटी. नवरा बोटीवर नोकरीला, म्हणजे तो सोबत असण्याचा प्रश्नच नव्हता.

मी अंधेरीच्या विमानतळावर एका एअरलाइनची चेक-इन सुपरवायझर आहे. लोकांना वाटतं, आमचं काम बॅगा मोजायचं. खरं काम वेगळंच. हा माणूस पलीकडच्या देशात शिरू शकेल ना, हे आधी आम्हाला बघावं लागतं. तिथून परत पाठवला तर दंड आम्हाला, आणि त्याला परत आणायचंही आम्हीच. आई किंवा बाप एकटाच मुलांना घेऊन निघाला, तर बरेच देश दोन गोष्टी मागतात: मुलं तुमचीच असल्याचा पुरावा आणि दुसऱ्या पालकाची संमती. भांडणात मुलं पळवून नेणारे आईबाप असतात, म्हणून हा नियम. तो शहाणा आहे, माझी त्याला ना नाही.

बाईनं तयारी चोख केली होती. नवऱ्याचं नोटरी केलेलं संमतिपत्र, दोन्ही मुलांचे जन्मदाखले, सगळं फाइलमध्ये. फक्त त्या सगळ्यावर आईचं नाव सायली होतं आणि तिच्या पासपोर्टवर मनीषा. आडनावही वेगळं. व्हिसा तिकडे उतरल्यावर मिळणार होता, त्यामुळे आधी कुणी कागद तपासलेच नव्हते. रियानं मुलाला लाडात विचारलं, "मम्मीचं नाव काय रे?"

"सायली!" त्यानं ठणकावून सांगितलं. झालं, वाट लागली.

आमचे ड्युटी मॅनेजर नायर सर आले, फाइल चाळली आणि म्हणाले, "नाम ही मॅच नहीं होता. रिस्क कशाला, मॅडम? ऑफलोड करा."

ऑफलोड म्हणजे तिकीट हातात असूनही माणसाला विमानात न बसवणं. बाईला तो शब्द बरोबर कळला.

"असं करू नका हो ताई. बहिणीचे दिवस भरलेत. आईवडील नाहीत आम्हाला. तिचं माहेर म्हणजे मीच एकटी."

पहिलं बाळंतपण माहेरी करतात, आणि इथे माहेरच पोरं काखोटीला मारून बहिणीकडे निघालं होतं.

"सासर कुठलं गं तुझं?"

"देवगडकडचं. राहतो मुलुंडला."

"मनीषा माहेरचं आणि सायली लग्नातलं, बरोबर?"

"हो ना ताई! पासपोर्ट लग्नाआधीचा आहे. बदलायचा राहूनच गेला."

मी सरांकडे वळले. "सर, आमच्यात लग्नात मुलीचं पहिलं नावसुद्धा बदलतात. ताटात तांदूळ पसरून नवरा अंगठीनं नवं नाव लिहितो."

"तांदळात?"

"तांदळात."

"मग तो प्रूफ कुठे आहे?"

"त्याचा भात झाला, सर."

सर हसले नाहीत. मी माझं ओळखपत्र पुढे केलं. "इथे शुभांगी लिहिलंय ना? सासरी मला वैदेही म्हणतात."

पण गप्पांनी कुणी विमानात बसत नाही. लग्नाचं सर्टिफिकेट मुलुंडच्या घरी कपाटात होतं आणि ते आणायला वेळ नव्हता. तिनं दिराला फोन लावला. त्यानं फोटो पाठवला. त्यावर वधूची दोन्ही नावं होती, लग्नाआधीचं आणि नंतरचं.

"फोटो चलेगा क्या?" सरांनी विचारलं.

"ज्यांना चालायला हवा, त्यांनाच विचारते."

मी पलीकडच्या विमानतळावरच्या आमच्या ऑफिसला फोन केला. त्यांनी तिथल्या इमिग्रेशन अधिकाऱ्याला लाइनवर घेतलं. माझ्या इंग्रजीत मी त्याला आमचं अख्खं लग्न समजावलं. तो म्हणाला, म्हणजे बाई एक आणि नावं दोन? मी म्हटलं, अगदी बरोबर. फोटोची प्रिंट सोबत द्या, बाकी मी बघतो, असं तो म्हणाला. ते सगळं मी सिस्टिममध्ये माझ्या नावानं नोंदवलं.

"उलटं पडलं तर मेमो तुमच्या नावावर," सर म्हणाले.

"द्या. फक्त कुठल्या नावावर, ते विचारून घ्या."

आता मात्र ते हसले. बोर्डिंग पास निघाले.

ड्युटी संपता संपता तिकडून मेसेज आला: तिघेही बाहेर पडले, काही अडचण नाही. मला स्वतःचा भयंकर अभिमान वाटला. नियम एकही मोडला नव्हता, फक्त योग्य प्रश्न विचारला होता. आता सर नव्या पोरांना तो प्रश्न शिकवायला मलाच उभं करतात: "लग्नात नाव बदललं का?"

तुम्हाला एवढंच सांगते. संमतिपत्रात आईची दोन्ही नावं घाला आणि लग्नाचं सर्टिफिकेट हँडबॅगेत ठेवा. कपाटाला व्हिसा मिळत नाही.

परत आल्यावर ती मुद्दाम मला भेटायला काउंटरवर आली. बहिणीला मुलगी झाली होती.

"नाव काय ठेवलं?"

"अजून ठरतंय, ताई. पण बहिणीनं आत्ताच सगळ्यांना बजावलंय, जे ठेवू ते लग्नात कुणी बदलायचं नाही."