भोंगा झाला आणि मीच दचकलो

मंडळी, आज अंगात त्राण नाही, पण सांगितल्याशिवाय राहवतही नाही.

चार महिने आमच्या शिंगराला रोज पहाटे गिरणीच्या भोंग्याची सवय लावत होतो. आधी लांब उभं करायचं, मग दर आठवड्याला थोडं जवळ न्यायचं. टांग्याला जुंपलं ते आज सकाळी, पहिल्यांदाच.

गिरणीसमोर आलो आणि भोंगा झाला. आता हे उधळणार, या भीतीनं मी लगाम कचकन ओढला. मग मात्र ते खरंच उधळलं. टांगा गटारात, चाक मोडलं.

स्टँडवरचे म्हातारे टांगेवाले सिद्रामअण्णा धावत आले. म्हणाले, "भोंग्याला त्येनं कान बी हलवला न्हवता की! तू कशापायी वडलास?"

उद्यापासून पुन्हा लांबून सुरुवात. शिंगरू शिकेल हो. मला कोण शिकवणार?