आयोवातला बर्फ आणि आम्ही तिघं

मुलाबरोबर खोलीत राहणाऱ्या मित्राचा फोन आला तेव्हा मी रोह्याच्या शाळेत वाचनालयाची जुनी पुस्तकं उन्हात पसरत होते. आमचा मुलगा अमेरिकेत ओमाहाला शिकतो. बर्फावरून गाडी घसरून अपघात झाला होता आणि त्याला हॉस्पिटलात नेलं होतं. "काकू, तो शुद्धीवर आहे," असं तो मित्र पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. इतक्यांदा म्हणाला, म्हणूनच मला ते खरं वाटेना.

उन्हाळ्यात मुलाच्या पदवीदानाला जायचं म्हणून माझा व्हिसा आधीच आला होता. ह्यांचा पासपोर्ट मात्र नूतनीकरणाला गेलेला. म्हणजे मी एकटीच. मुंबई सोडली तर मी कुठं एकटी गेले नव्हते. मुंबईलाही जाते ती बहिणीकडे, तीही पनवेलपर्यंत घ्यायला येते.

विमानतळावर जाताना पेणच्या स्टँडबाहेर माझी भावजय उभी होती. तिनं खिडकीतून एक डबा आत दिला. पोह्याचं डांगर. पापडाच्या पिठाचा हा तिखट गोळा आमच्याकडे तसाच, तेलात बुडवून खातात. एवढ्या घाईत तिनं तो कधी मळला कोण जाणे. पुढं हमरापूरच्या शेडमध्ये न रंगवलेले गणपती रांगेनं उभे होते, एरवी त्या बाजूनं जाताना हात जोडले जातात. त्या दिवशी हात मांडीवरून उचललेच गेले नाहीत.

शिकागोला उतरले आणि कळलं की हिमवादळामुळे ओमाहाचं विमान रद्द. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत जागा नाही. फोन चालू केला तर मित्राचा निरोप येऊन पडला होता: आतला रक्तस्राव थांबत नाही, दुसरं ऑपरेशन करावं लागतंय, आत्ताच नेलंय. मला इंग्रजी वाचता येतं, वाचनालय सांभाळते मी. पण काउंटरवरची मुलगी बोलत होती ते कानावरून नुसतं वाहत होतं. मी तिथंच बॅगेवर बसले.

"माजी, क्या हुआ?"

वर पाहिलं तर एक उंच, सावळा, खुरटी दाढी ठेवलेला माणूस. चाळिशीचा असेल. तो मूळचा सोमालियाचा. दुबईत हॉटेलच्या किचनमध्ये आपल्याकडच्या पोरांबरोबर काम करून हिंदी शिकलेला. आता ओमाहाला मांसाच्या कारखान्यात शिफ्टला होता, त्यालाही तिथंच पोचायचं होतं. मी त्याला सगळं सांगितलं. त्याच्यामागं रांगेत एक सत्तरीची गोरी बाई उभी होती, काटकुळी, पुरुषी जाकीट घातलेली. तिनं त्याला विचारलं, त्यानं तिला इंग्रजीत सांगितलं. ती माझ्याकडे बघून सावकाश म्हणाली, "मी गाडी भाड्यानं घेतलीय. आयोवात माझ्या गावी चाललेय, भावाला निरोप द्यायला. ओमाहा त्याच्या थोडं पुढं. आयुष्यभर शाळेची बस चालवलीय मी. तुम्ही दोघं चला."

भाऊ कुठंतरी दूरगावी निघाला असेल, असं मला वाटलं.

मी ह्यांना फोन लावला. तिकडे संध्याकाळ होती, दीरही घरी आलेले.

"अगो, अनोळखी मानसांच्या गाडीत? नाय जायचं," दीर मागून ओरडले.

हे फोन घेऊन ओटीवर गेले. मग म्हणाले, "तुला काय वाटतं?"

"मला काहीच वाटत नाय. मला तिथं पोचायचंय."

"मग जा. पन गाडीच्या नंबरचा फोटो पाठव."

गाडीपाशी गेल्यावर मी हळूच, कुणाला दिसणार नाही असा नंबरप्लेटचा फोटो काढायला गेले. बोटं थंडीनं वाकत नव्हती. त्या सोमाली माणसानं पाहिलंच. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानं खिशातून आपलं लायसन काढलं, माझ्या फोनसमोर धरलं. "इसका भी निकालो माजी. घर भेजो." बाईंनीही आपलं लायसन पुढं केलं आणि म्हणाल्या, "मी तर ह्याला ओळखतही नाही. मलाही पाठवा ते."

मी मागच्या सीटवर बसले. बाई चालवत होत्या, तो शेजारी. शहर संपलं आणि दोन्ही बाजूंनी नुसतं पांढरं. माझं माहेर पेणजवळ, खाडीकाठचं, वडील मिठागरात कामाला. पुढं पुष्कळांनी विचारलं, बर्फ मिठागरासारखा दिसत असेल ना? नाही दिसत. मिठागरात माणसं दिसतात, फळ्यांनी मीठ ओढणारी. इथं कुणीच नव्हतं. आभाळ कुठं संपतं आणि जमीन कुठं सुरू होते तेही कळत नव्हतं. वायपर काच पुसायचे, की लगेच काच भरायची. मी मांडीवर फोन धरून बसले होते. निरोप येत नव्हता. आला नाही म्हणून भीती, आणि येईल म्हणून त्याहून जास्त.

मिसिसिपी ओलांडून आयोवात शिरलो. थोडं पुढं गेल्यावर समोरचा ट्रक आडवा झाला. बाईंनी ब्रेक मारला नाही, नुसती गाडी सोडून दिली. ती तिरकी होत होत रस्त्याच्या कडेला जाऊन थांबली.  बाईंचे हात स्टिअरिंगवर तसेच राहिले. मागं गाड्यांची रांग लागली आणि सगळं ठप्प झालं.

दुपार होऊन गेली तरी रस्ता मोकळा झाला नाही. हीटरसाठी इंजिन चालू ठेवावं लागत होतं आणि पेट्रोलचा काटा खाली खाली येत होता. बाई इंजिन थोडा वेळ बंद करायच्या, परत चालू करायच्या. तो सोमाली माणूस, एव्हाना मी त्याला भाऊच म्हणायला लागले होते, म्हणाला, नमाजाची वेळ झालीय, बाहेर शक्य नाही, इथंच करू का? बाईंनी रेडिओ बंद केला. त्यानं बसल्या जागी डोळे मिटून नमाज पढला. संपल्यावर मागं वळून मला म्हणाला, "आपके बेटे के लिए भी मांगा. आप भी बोलो, माजी."

मला रोजचं स्तोत्रसुद्धा आठवेना. तोंड उघडलं आणि आईच आठवली. मी लहान असताना एकदा उधाणाच्या भरतीला खारबांध फुटला. वडील, काका, गावातले सगळे पुरुष मातीची ढेकळं घेऊन पाण्यात उतरलेले. आम्ही पोरी-बायका वरती अंधारून आलेल्या पावसात उभ्या. माझे दात वाजत होते. आई म्हणाली, "बोलत र्‍हा गो. गप बसलीस की भ्या वाटतंय." काय बोलू, विचारलं तर म्हणाली, "कायपन बोल."

तसं मी बोलायला लागले, मराठीतच. रोह्याला आमच्या घरामागून कुंडलिका वाहते, ते सांगितलं. मुलगा पहिल्यांदा पोहायला शिकला तेव्हा दिवसभर पाण्यातून बाहेर यायचा नाही, ते. त्याला वालाचं बिरडं आवडत नाही, वाल सोलायला बसवलं की पळून जातो, ते. ह्यांची कंपनीतली रात्रपाळी असली की आम्ही दोघं मायलेक जिन्यात बसून चहा प्यायचो. मी काय काय बोलले ते सगळं मला आज आठवत नाही. मध्येच वाटलं, दोघांना एक अक्षर कळत नाहीये, काय चालवलंय हे मी. थांबले.

बाई आरशातून बघत म्हणाल्या, "थांबू नका. बरं वाटतंय."

मग त्याही बोलल्या, त्यांच्या भावाबद्दल. तो लहानपणी त्यांना सायकलवर पुढं बसवून मक्याच्या शेतातून न्यायचा. सगळं मला कळलं नाही. मी डबा उघडला, डांगर काढलं. तेल नव्हतं, तसंच. सोमाली भाऊनं गोळा तोंडात टाकला आणि खोकला. बाईंच्या डोळ्यांतून पाणी आलं, नाक पुसत त्यांनी दुसरा मागितला.

रस्ता मोकळा झाल्यावर पहिल्या पेट्रोलपंपावर गाडी थांबवली. मित्राचा निरोप आला होता: ऑपरेशन संपलं, पण डॉक्टर फक्त घरच्यांशीच बोलणार म्हणतात. संपलं म्हणजे काय?  बाईंनी माझ्या हातून फोन घेतला, हॉस्पिटलला लावला, कुणाकुणाशी कडक आवाजात बोलल्या, मग मला दिला. पलीकडची नर्स भराभर बोलत होती. मी फोन भाऊच्या कानाशी नेला. तो ऐकत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर काहीच दिसेना. मी त्याची बाही धरली होती ती सोडलीच नाही.

"माजी," तो म्हणाला, "खून रुक गया. बेटा सो रहा है. ज़िंदा है. अभी खतरा है, मगर ज़िंदा है."

मी पंपावरच्या दुकानात पाणी घ्यायला म्हणून गेले आणि तिथल्या चिप्सच्या रॅकला धरून रडले. दुकानातल्या मुलीनं टिश्यूचा डबा पुढं सरकवला.

पुढचा रस्ता आणखी वाईट. भाऊ चालवू का म्हणाला, पण त्यानंच कबूल केलं की बर्फात तो कारखान्याच्या व्हॅनमधूनच जातो, स्वतः कधी चालवत नाही. एका फाट्यापाशी त्यानं पाटीकडे बोट केलं आणि बाईंना काहीतरी म्हणाला. त्यांनी मान हलवली. फाटा मागं गेला. मला वाटलं, त्यानं रस्ता विचारला असेल.

रात्री उशिरा हॉस्पिटलच्या दारात उतरलो. बाई गाडी लावायला गेल्या. लिफ्टमध्ये भाऊ खाली बघत म्हणाला, "माजी, उनका गांव पीछे निकल गया. आज उनके भाई को दफनाना था. दोपहर को. वो बोली, भाई को अब जल्दी नहीं है."

दार उघडलं.  मुलगा काचेपलीकडे होता, नळ्या लावलेला, चेहरा सुजलेला. पायाचा अंगठा मात्र अगदी ह्यांच्यासारखा, चादरीबाहेर आलेला. नर्सनं आत सोडलं तसा मी तो धरला.

बाहेर बाकावर बाई बसल्या होत्या, ओलं जाकीट मांडीवर घेऊन. मी त्यांच्या शेजारी बसले. इंग्रजीत वाक्य जुळवत होते, ते होईना. शेवटी म्हणाले, "ताई, तुमचा भाऊ." त्यांनी माझा हात धरला आणि पहिल्यांदाच रडल्या. 

मुलगा धोक्यातून बाहेर यायला पुष्कळ दिवस गेले. आता काठी न घेता चालतो, शिक्षण पुरं करतोय. तो जरा बसायला लागल्यावर एका रविवारी भाऊनं त्याच्या ओळखीच्या माणसाची गाडी आणली. मी, भाऊ आणि बाई, आम्ही तिघं त्यांच्या गावी गेलो. बर्फ बाजूला सारून बाईंनी भावाच्या कबरीच्या दगडावरचं नाव दाखवलं. अशा वेळी काय करतात मला माहीत नव्हतं. आपल्याकडे करतो तसं पाणी सोडलं. भाऊनं दोन्ही हात पुढं करून त्याची प्रार्थना केली. बाई म्हणाल्या, त्याला एवढी माणसं आवडली असती.

अजूनही अवेळी फोन वाजला की मी हातातलं टाकून धावते. ती सवय आता जाईल असं वाटत नाही. फोन बहुतेक वेळा बाईंचाच असतो, कारण तिकडची सकाळ की इकडची, हा त्यांचा घोळ काही सुटत नाही. पुढच्या हिवाळ्यात त्या रोह्याला येणार आहेत. हे म्हणतात, आपण मोठी गाडी करू. मी मात्र मनातल्या मनात सारखी विमानतळ ते रोहा हा रस्ता चालून बघते. जिते गेलं, पेण गेलं, खांबपर्यंतचे खड्डे, सत्तरीच्या बाईला वाटेत बाथरूमला कुठं थांबवायचं, आणि ती मधेच "मी चालवते" म्हणाली तर तिला नाही कसं म्हणायचं.