अमृतच्या हेल्मेटचा रामराम

वडूजचा अमृत वीरकर रामराम घातल्याशिवाय कुणाच्या पुढून जात नाही. त्यांच्या घराण्याचा तो रोगच आहे. आजा मेंढरं घेऊन गावोगाव फिरायचा. ज्याच्या रानात मेंढरं बसवायची त्याच्यापुढं मान लववावीच लागे. मेंढरं गेली, अमृत शिरवळच्या कारखान्यात लागला, पण मान काही सुधारली नाही.

पुढं त्यानं मोटरसायकल घेतली आणि हेल्मेटच्या हनुवटीला कॅमेरा लावून रविवारच्या भटकंतीचे व्हिडिओ टाकायला लागला. झालं! वाटेत दिसेल त्याला हा मान लववणार आणि तिच्याबरोबर सगळा खटाव तालुका वर-खाली होणार. "दादा, बघताना मळमळलं," असं लोक खाली लिहायचे. अमृत त्यांनाही हात जोडायचा.

अशा या माणसाला विट्याची शिवांजली बघताक्षणी आवडली. अगदी जेवण जाईना इतकी. तिलाही तो पसंत होता. अडलं होतं ते फक्त तिच्या वडिलांच्या, आप्पासोंच्या होकारावर. त्यासाठी विट्याला बैठक ठरली. निघायच्या आधी शिवांजलीचा फोन आला.

"येताना व्हिडिओ काढा. पण मान हलवू नका हं, मला चक्कर येती."

अमृतनं ते ब्रह्मवाक्य मानलं. घरची मंडळी जीपनं मागून येणार होती. हा पुढं निघाला, काठी गिळल्यासारखा ताठ. मायणीपर्यंत मानेला रग लागली. विट्याच्या अलीकडं फाट्यावर एका फेटेवाल्यानं हात जोडले, तेव्हा बिचाऱ्याच्या जिवाची नुसती तगमग झाली. तरी मान हलू दिली नाही.

शिवांजलीच्या घरी सगळे टेकतात तोच तो फेटेवाला दारातून आत आला. ते आप्पासो होते. मोटरसायकल आणि हेल्मेट बघून त्यांचा पारा चढला.

"ह्योच त्यो! पाव्हण्यांस्नी घर घावावं म्हणून मी फाट्यावर हुबा. हात जोडलं, तर गडी बघाय तयार न्हाई. आसला माजोरी जावई आमाला नगं."

अमृत हात जोडून उठला. "आवं मामा, माजी मान लय लवती. तुमच्या लेकीनंच आज हलवू नगा म्हणून सांगितलं!"

सगळे शिवांजलीकडं बघायला लागले. ती लाजली, पण डगमगली नाही. तिनं अमृतचा जुना व्हिडिओ थेट टीव्हीवर लावला.

पडद्यावर अमृतनं गुराख्याला रामराम घातला. मग म्हशीला. मग शेतातल्या बुजगावण्याला. रस्ता खाली गेला की बघणाऱ्यांच्या माना खाली, वर आला की वर. आप्पासोंची तर फेट्यासकट डुलायला लागली.

तेवढ्यात त्यांची थोरली बहीण बनाबाई पोहे घेऊन बाहेर आली. तिला टीव्ही दिसला नाही. दिसला तो माना हलवणारा सगळा गोतावळा.

"ठरलं म्हणा की!" म्हणत ती आत पळाली, साखर घेऊन आली आणि अमृतच्या तोंडात कोंबली.

"आगं आक्का, म्या आजून..." आप्पासो म्हणाले, पण पडद्यावर एसटीची लाइन लागली होती. पोरगा एकेका ड्रायव्हरला रामराम घालत होता आणि आप्पासोंची मान थांबायला तयार नव्हती. बनाबाईनं उरलेली साखर त्यांच्याही तोंडात घातली.